नव्या पर्यवेक्षकासाठी: सुरक्षेत सगळ्यांना सामील कसे करावे

विमानतळावर आपल्या हाताखालच्या लोडर आणि सफाई कर्मचाऱ्यांना सुरक्षा ही स्वतःचीही जबाबदारी वाटावी, यासाठी सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. रुजू होताच हा प्रश्न पडला, याचे मला मनापासून समाधान वाटते.

केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे २००० सालापासून देशातील एकेका विमानतळाची सुरक्षा येत गेली, त्यामुळे ‘ते जवान बघतील’ असे मानण्याची सवय आपल्याकडे मुरली आहे. परंतु सामानपट्ट्याच्या मागचे कोणते दार एरवी बंद असते, हे तिथे रोज वावरणाऱ्यालाच ठाऊक असते. माझ्या पाळीतल्या एका सफाई करणाऱ्या ताईंनी एकदा कुलपाच्या खाचेत कोंबलेला पुठ्ठ्याचा तुकडा दाखवला होता. त्या दारावरून आम्ही सगळे दिवसभर ये-जा करत होतो.

सध्या एवढेच करा:

- पाळी सुरू होताना दोन मिनिटे बोला, आणि प्रवेशपत्र छातीवर दिसेल असे आधी स्वतः लावा.
- आपल्या प्रवेशपत्रावर दुसऱ्याला, अगदी ओळखीच्यालाही, दारातून आत घेऊ नये, हे पुन्हा पुन्हा सांगा.
- बेवारस वस्तूला हात न लावता तिथून दूर व्हावे आणि ताबडतोब कळवावे.

नवे पर्यवेक्षक हमखास एक चूक करतात: कळवलेली गोष्ट किरकोळ निघाली की त्या माणसाला चारचौघांत झापतात, आणि मग तो पुन्हा कधीच तोंड उघडत नाही. त्याचे सर्वांसमोर आभार माना, आणि पुढे काय झाले तेही त्याला आवर्जून सांगा. नियमावलीतील बारकावे प्रशिक्षणात येतीलच.