सेमिनरीत (कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) फादर व्हायला किती वर्षं लागतात? आणि मुलं मधेच का सोडतात?

किमान सात वर्षं धरून चाला: 1 ते 2 वर्षं पूर्वतयारी, मग निदान 2 वर्षं तत्त्वज्ञान आणि 4 वर्षं ईशज्ञान (ख्रिस्ती धर्मशास्त्र). डीकनपदासाठी (फादर होण्याआधीची पायरी) वयाची 23 वर्षं पूर्ण हवीत, गुरुदीक्षेसाठी, म्हणजे फादर होण्यासाठी, 25. दोन्हींत किमान 6 महिन्यांचं अंतर.

अभ्यास जड असतो, पण बरेचदा गाडी अडते सहजीवनात. पहाटेची प्रार्थना, रोजची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), भांडी, झाडलोट, आणि न पटणाऱ्या माणसाशेजारी बसून जेवण. रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) आणि प्रशिक्षक हेच पाहतात. आध्यात्मिक मार्गदर्शकाशी मात्र मोकळं बोला. दीक्षा द्यावी का, यावर त्यांचं मत मागायला चर्चच्या कायद्यानेच मनाई आहे. रेक्टरसमोर गुळगुळीत वागून आतली कुरबूर दाबणारे पुढे जास्त अडचणीत येतात. मधेच बाहेर पडणं म्हणजे नापास होणं नव्हे, पारख त्यासाठीच असते.