कॉन्व्हिक्टची जोडी लावताना

अरे, दुकानदार 'जोडी' म्हणून देईल ते दोन मासे घेऊ नकोस. कॉन्व्हिक्टची, म्हणजे या काळ्या पट्ट्यांच्या सिक्लिड माशाची, सहा पिल्लं घे, एकत्र वाढव, जोडी ती आपली आपण जमवतात. जमली की बाकीचे लगेच दुसऱ्या टँकमध्ये हलव, नाहीतर जीव जाईल त्यांचा. टँक निदान तीन फुटी हवा. मातीची कुंडी आडवी ठेव, मादी तिच्या आत अंडी चिकटवते.

नर मादीच्या मागे लागून तिचे पंख फाडायला लागला तर 'होईल शांत' म्हणत थांबू नकोस, मध्ये जाळी घाल. एकमेकांना बघू देत, काही दिवसांनी जाळी काढून पाहा. मादीला लपायला जागा हवीच, हे मी प्रत्येकाला सांगतो.

अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्लं पोहू लागतात. तेव्हा अंड्यांतून ताजा फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, दे. आईबाप राखण करतात, टँकमध्ये उगाच हात घालू नकोस.

नळाचं पाणी क्लोरीन काढूनच वापर. पुण्याच्या थंडीत हीटर २६ अंशांवर लाव. आणि इतकी पिल्लं कोणाला देणार, ते आधी ठरव. मुठा नदीत किंवा तळ्यात मात्र कधीच सोडू नकोस.