तुमचे प्रश्न: सायकल, वही आणि कंबर तलाव

प्रश्न: ताई, नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांची देखभाल करणारा जॉबर होतो. वय 66. पीएफची पेन्शन येते, ती किराण्यालाही पुरत नाही. घर मुलगा चालवतो, त्यामुळे स्वतःच्या हौसेसाठी त्याच्यापुढं हात पसरायला नको वाटतं. जो भेटेल तो म्हणतो, एखादा छंद लावून घ्या. ओळखीतले काहीजण कराओकेच्या ग्रुपला जातात, तिथं दर महिन्याला वर्गणी आहे. एकाने कॅमेरा घेतलाय. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात राहून माझे कान मंद झालेत, गाण्यात काय रमणार? दिवसभर घरात असलो की बायकोशी खटके उडतात. माझ्यासारख्याने काय करावं?
एक वाचक, नीलमनगर

उत्तर: भाऊ, तुम्ही जॉबर होता हे पत्रात ओघात लिहून गेलात, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. धावत्या मागावर तुटलेला धागा लांबून टिपणारी नजर तुमच्याकडं आहे. कॅमेरा दुकानात मिळतो, ही नजर मिळत नाही. म्हणून मी तुम्हाला पक्षी बघायला सांगणार आहे.

मी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर पुढच्या आठवड्यात नवं काहीच घडणार नाही या जाणिवेने. परीक्षा नाही, निकाल नाही, सोमवार आणि गुरुवार सारखेच. पक्ष्यांनी मला पुन्हा वाट बघायला लावलं. भोरड्या अजून कशा आल्या नाहीत, या काळजीत सकाळी लवकर उठण्यातही सुख आहे.

भोरड्या तुम्ही पाहिल्या असतीलच. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि शेकड्यांनी उडणारे थवे. पावसाळा सरता सरता त्या थेट मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून आपल्याकडं येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. ज्वारीचं कणीस दुधात आलं की यांची धाड पडते, म्हणून आपला शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहतो. याच भोरड्या रानातले टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात, आणि पळस फुलला की त्यातला मध प्यायला येतात. एका पक्ष्याचं वर्षभराचं वेळापत्रक समजून घेतलं की ज्वारी, पळस, पाऊस सगळं त्यात येतं.

सुरुवात तलावापासून करा. पाणपक्षी मोठे असतात, उघड्यावर बसतात आणि बराच वेळ हलत नाहीत. तुमच्यासारख्या ऐकू कमी येणाऱ्या माणसाला झाडीतल्या पक्ष्यांपेक्षा हे सोपे जातात. सायकल असेल तर सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी मारा, सुट्टीच्या दिवशी विजापूर रोडला कंबर तलावावर जा. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, बुडी मारून भलतीकडंच वर येणारी टिबुकली, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, लाल लांब पायांचा शेकाट्या, एवढे चार ओळखू आले तरी पहिला महिना सार्थकी लागला समजा.

आणि कमळपक्षी दिसला तर थांबाच. लांबलचक बोटांनी तो पाण्यावर पसरलेल्या पानांवरून चालतो. याच्यात अंडी उबवतो तो नर आणि पिल्लं सांभाळतो तोही नर. मादी दुसऱ्या नराबरोबर नवा संसार मांडते. पावसाळ्यात बापाच्या मागे पानांवरून पळणारी पिल्लं बघताना मी तासन्‌तास भान विसरून जाते. तुमच्या सौभाग्यवतींनाही एकदा दाखवा, घरी गेल्यावर बोलायला विषय होईल.

खर्चाचं म्हणाल तर 200 पानी वही आणि पेन. दुर्बीण आत्ता घेऊ नका. पहिले सहा महिने नुसत्या डोळ्यांनी बघा, मग गोडी टिकली तर घरच्यांनीच वाढदिवसाला द्यावी. पण वहीत मात्र हयगय नको. तारीख, वेळ, जागा, कोणता पक्षी, किती आणि काय करत होता. ओळखू आला नाही तर रंग, चोच, पायांची लांबी लिहा, वाकडंतिकडं चित्र काढा. मुलाच्या मोबाइलवर मर्लिन नावाचं मोफत ॲप टाकून घ्या. ते आकार, रंग आणि जागा विचारून पक्ष्याचं नाव सुचवतं, शिवाय आवाजावरूनही ओळखतं. म्हणजे तुमच्या कानांचं कामही थोडं हलकं होईल. दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो. चार दिवस जगभरची माणसं आपापल्या परिसरात किमान 15 मिनिटं पक्षी मोजून नोंद पाठवतात. त्यात पैसे लागत नाहीत आणि शिक्षण कोणी विचारत नाही. तुमची नोंद शास्त्रज्ञांपर्यंत जाते.

ऑक्टोबर ते मार्च हा आपल्याकडचा खरा हंगाम. एप्रिल-मे मध्ये उन्हाचा पारा 40 च्या वर असतो, तेव्हा आठच्या आत घरी या. पक्ष्यांना फरसाण, पाव टाकू नका. पाणी आटलं की काठाशी गाळ असतो, त्यात उतरू नका.

तलाव ओळखीचा झाला की तुळजापूर रोडचा हिप्परगा आहे, आणि नान्नजचा माळ आहे. नान्नजला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं जवळपास अशक्य झालंय, याचं मला फार वाईट वाटतं. पण काळविटांचे कळप आहेत, चंडोल आहेत, हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी आहे. एसटीत 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, आणि बायकांनाही अर्धं. म्हणजे तुम्ही दोघं मिळून एका तिकिटात जाता. वयाचा पुरावा खिशात ठेवा. तसंच एकदा हत्तरसंग कुडलला जा. भीमा आणि सीनेच्या संगमावर पक्षी तर आहेतच, देवळात शके 940 म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेखही आहे. गाड्यांच्या वेळा मात्र आधी स्टँडवर विचारून घ्या.

प्रश्न: गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं बंद झालंय. मी बँकेतून निवृत्त झाले. टीव्हीचा कंटाळा आलाय. बसल्या जागी, कमी खर्चात काय शिकता येईल?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, मोडी शिका, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती लिपी. बँकेत वर्षानुवर्षं वेगवेगळी हस्ताक्षरं आणि सह्या पडताळल्यात, ते कसब इथं कामाला येईल. रेघी वही घ्या. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग खाली हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, पण शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, त्यामुळे वाचताना डोकं चांगलंच चालवावं लागतं. रोज पाच अक्षरं गिरवा आणि घोटून पक्की करा. मुळाक्षरं आली की बाराखडीला जास्त वेळ द्या, कारण काना-वेलांटी लागली की काही अक्षरांचं रूपच बदलतं. बहुतेकजण तिथंच कंटाळून सोडतात, तुम्ही सोडू नका.

मग माळ्यावरची ट्रंक उघडायला सांगा. जुन्या घरांत खरेदीखत, गहाणखत, देण्याघेण्याच्या वह्या असतात आणि घरात कोणाला त्या वाचता येत नाहीत. मूळ कागद हाताळू नका, झेरॉक्सवर काम करा. आधी आकडे आणि गावांची नावं शोधा, ती लवकर सापडतात. एखादी ओळ अडली तर त्या पानाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा, जमेल तेवढं लावून परत पाठवीन.