आधी इंजिन की आधी ब्रेक?

प्रश्न : माझ्याकडे १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. घरीच दुरुस्ती करताना तिच्या २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाची ताकद आधी वाढवावी का?

उत्तर : नाही, आधी ब्रेक पाहावेत. या गाडीच्या मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलणारा भाग) एकच कप्पा असल्याने एका नळीतून ब्रेक ऑइल गळले, तरी चारही चाकांचे ब्रेक निकामी होऊ शकतात. १९६७च्या मॉडेलपासून दोन कप्पे आले. म्हणून दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवावेत. मात्र मागे ड्रम ब्रेकच ठेवणार असाल, तर तिकडचा ऑइलचा दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्हही लावावा, अन्यथा जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी जाम होऊन गाडी घसरते. त्याहीपूर्वी पुढच्या काचेखालच्या जाळीत थोडे पाणी ओतावे. ते आत पायांपाशी ठिबकले, तर जाळीखालचा पत्रा गंजला आहे असे समजून (काम कंटाळवाणे खरेच) वेल्डिंगपासून सुरुवात करावी.