'प्रवर्तक' कोणाचा, जनुकाचा की कर्करोगाचा?

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: 'विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर आम्ही "प्रवर्तकाच्या मिथिलीकरणामुळे पोटाचा कर्करोग होतो" असे लिहिले. पालक म्हणाले, प्रवर्तक म्हणजे रोगाला चालना देणारेच काहीतरी ना? आमचा शब्द चुकला का?'

बाई, शब्द बरोबर आहे, पण तो एकटा पडला. कर्करोगाच्या अभ्यासात 'प्रमोटर', म्हणजेच प्रवर्तक, दोन आहेत. एक, गाठीच्या वाढीला खतपाणी घालणारा पदार्थ. दुसरा, जनुकाच्या सुरुवातीचा डीएनएचा तुकडा. त्यावर ठरावीक प्रथिने येऊन बसली की जनुकाचे वाचन सुरू होते. तुमच्या वाक्यात दुसरा आहे, पालकांनी पहिला ऐकला. म्हणून 'जनुक-प्रवर्तक' लिहा आणि पहिल्यासाठी 'कर्करोगवर्धक' राखून ठेवा. मला ही विभागणी फार गरजेची वाटते, कारण इथे अर्थ नेमका उलटा होतो: मिथिलीकरणाने प्रवर्तक जोर धरत नाही, गप्प होतो.

'मिथिलीकरण'वर काहींचा आक्षेप असतो की '-ईकरण' म्हणजे तसे बनवणे. पण सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्याचे विद्युतीकरण झाले म्हणजे वाडा वीज होत नाही, तिथे वीज जोडली जाते. तसाच इथे डीएनएच्या सायटोसिन या घटकाला मिथिल गट हा छोटा रासायनिक तुकडा जोडला जातो. डीएनएच्या 'अक्षरांचा', म्हणजे घटकांचा, क्रम बदलत नाही, म्हणून याला उत्परिवर्तन म्हणू नये.

गप्प होणारी जनुके कोणती, हेही फलकावर यायला हवे. सीडीएच१ हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे प्रथिन बनवते. ते मुके झाले की पेशींची पकड सुटते. एमएलएच१ डीएनएची नक्कल होतानाच्या चुका दुरुस्त करते. ते थांबले की चुका साचत जातात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होतो, त्यातून हे मिथिलीकरण वाढते. जिवाणू गेल्यावर ते काही अंशी उतरते.

'पोट'ही बदला. बोलताना ठीक आहे, पण पोटात आतडी आणि यकृतही आले. इथे 'जठर'च हवे. आणि 'होतो' हे क्रियापद फार ठाम आहे. मिथिलीकरण हे अनेक कारणांपैकी एक.

मी असे लिहीन: 'पेशींना आवर घालणाऱ्या जनुकांच्या प्रवर्तकांवर मिथिल गट जमले की ती जनुके गप्प होतात आणि जठराच्या कर्करोगाची वाट मोकळी होते.'