आधी आकडा लिही, मग सही कर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू लॅपटॉप उघडलास तेव्हा मी फारसं बोललो नाही. तुझ्या फाउंड्रीत धातू वितळवायच्या दुसऱ्या भट्टीचं कर्ज, हप्ते, टनेज, पाच वर्षांचा नफा, सगळं नीट मांडलेलं होतं. शेवटी तू विचारलंस, "काका, घेऊ ना?" त्या "ना"नं माझी झोप उडवली. तुझं ठरलेलं होतं, फक्त माझी मान हललेली तुला बघायची होती.

तुझ्या नऊ शीटांमध्ये एक गोष्ट नाही. कोणत्या महिन्यात कोणता आकडा दिसला म्हणजे आपलं चुकलं असं तू धरणार? ते आधी लिही. कर्जावर सही करण्याच्या आधी, पेनानं, तारीख घालून.

मी लिहिलं नव्हतं. २००८च्या उन्हाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या शेडमध्ये मी दुसरी इंडक्शन भट्टी, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, बसवली, एका गिऱ्हाइकाच्या तोंडी शब्दावर. दिवाळीनंतर त्याच्या मागणीचं शेड्यूल निम्म्यावर आलं, मग थांबलंच. मंदी जगात आली होती, तिचा दोष मी माझ्याकडे घेत नाही. माझा दोष पुढच्या तीन वर्षांचा. मार्चनंतर उठेल, पावसाळा सरू दे, दसऱ्याला बघू, असं दर वेळी नवं कारण. भट्टी थंड असली तरी डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर वीजभारावरचा (लोडवरचा) ठराविक आकार, भरावाच लागतो. वीज मंडळाकडे लोड कमी करून मागायचा अर्जसुद्धा मी दीड वर्ष केला नाही, कारण तो केला की हरलो हे कागदावर आलं असतं. वडिलांची दीड एकर उसाची जमीन त्यात गेली. आकडा आधी लिहिलेला असता तर ती वाचली असती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

आमचा मेल्टर, म्हणजे भट्टीवर धातू वितळवणारा कारागीर, तेव्हाच म्हणाला होता, "मालक, पयली भट्टी तरी तिन्ही पाळ्या कुठं चालतीया?" मी त्याला गप्प केलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिली दोन वर्षं कुणी घेतला नव्हता, असं तू मला ऐकवलंस. खरं आहे. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी मानत. पण ज्यांचा माल तिसऱ्या वर्षीही खपला नाही, त्यांची नावं तुला माहीत आहेत का? त्यांची चिकाटी कमी होती असं कोण म्हणेल? त्यापेक्षा इंटेलचं बघ. मेमरी चिपवर ती कंपनी उभी राहिली, आणि जपानी कंपन्यांपुढं त्याच धंद्यात तोट्यात आली. १९८५ साली कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी अँडी ग्रोव्हनं गॉर्डन मूरना विचारलं, आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मेमरीतून बाहेर पडेल, असं उत्तर आलं. मग ते काम त्यांनी स्वतःच केलं. तो नवा माणूस तुझ्याकडे नाही. तू आज लिहिलेला कागदच तुझा नवा माणूस.

'मार्केट बघून ठरवू' हे मला पुन्हा सांगू नकोस. त्या वेळी तुझी नजर भट्टीत अडकलेल्या पैशावर असेल, मार्केटवर नसेल. म्हणून आज लिही: सलग तीन महिने नवी भट्टी निम्म्याखाली चालली तर काय विकायचं, लोड कधी उतरवायचा, बँकेत कधी जायचं. आणि हो, तुझ्या शीटमध्ये पैसे ४५ दिवसांत येतात. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त तेवढ्या दिवसांत द्यावेत असं कायदाही सांगतो. पण गेल्या वर्षी खात्यात खरोखर किती दिवसांनी जमा झाले? स्टेटमेंट काढ, एकेक बिल मोज, तो आकडा घाल आणि पाचव्या महिन्याचा हप्ता कुठून देणार ते बघ.

२०१८ साली मी वाढ केली नाही तेव्हा भाऊबंद म्हणाले, हा घाबरला. मी घाबरलो नव्हतो. माझ्या कागदावर लिहिलं होतं, एका गिऱ्हाइकाकडे निम्म्याहून जास्त माल जात असेल तर नवं यंत्र घ्यायचं नाही, आणि तेव्हा जात होता. २०१९ला गाड्यांचा खप पडला, माझ्या शेडमधला एकही माणूस घरी बसला नाही. त्यांनी मला काहीही म्हणावं.

भट्टी घेऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. कदाचित तू घ्यावीस. पण सही करण्याआधी तुमच्या मेल्टरला विचार, पाळी सुटताना, भट्टीपाशी उभं राहून. केबिनमध्ये बोलावलंस तर तो "होय मॅडम" म्हणेल.

तुझा,
काका