विदूषक, खुशमस्कऱ्या की सोंगाड्या?

युरोपातील राजदरबारांत मनोरंजनासाठी पदरी ठेवलेल्या 'जेस्टर'ला मराठीत विदूषक म्हणावे की खुशमस्कऱ्या, आणि तमाशातला सोंगाड्या त्याचाच भाऊबंद समजावा काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

'खुशमस्कऱ्या' हा शब्द वरवर पाहता चपखल वाटतो, कारण त्यातला 'मस्करा' अरबी 'मस्खरा'वरून, म्हणजे थट्टेखोरावरून आलेला आहे. परंतु आज खुशमस्कऱ्या म्हणजे धन्याची हांजी हांजी करणारा तोंडपुजा माणूस. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा विल सॉमर्स किंवा पोलंडच्या राजांकडचा स्टान्चिक यांची ख्याती नेमकी उलट आहे. दरबाऱ्यांची जे बोलण्याची छाती नव्हती, ते हसतहसत धन्याला सुनावणारे म्हणून ते ओळखले जातात.

'विदूषक' हा शब्द 'दूष्' धातूपासून झाला आहे आणि दोष काढणे, बिघडवणे ही त्या धातूची अर्थच्छटा इथे उपयोगी पडते. मात्र संस्कृत नाटकातला विदूषक पगारी नोकर नसून राजाचा 'वयस्य', म्हणजे मित्र असतो. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातला माढव्य पाहावा. शिकारीपायी पानांनी गढुळलेले कडवट पाणी प्यावे लागते, वेळी-अवेळी जेवण, घोड्यामागे धावून सांधे निखळलेले, आणि त्यावर पहाटे पारध्यांचा कोलाहल, असे रडगाणे गात तो काठीला टेकून उभा राहतो. राजाने कारण विचारताच, स्वतःच डोळ्यात बोट घालून वर अश्रूंचे कारण काय विचारता, असे त्याला ठणकावतो. हा ब्राह्मण असूनही संस्कृत न बोलता प्राकृत, म्हणजे लोकभाषा बोलतो, हा विनोद तर निराळाच. भाषांतरात तो हमखास हरवतो.

सोंगाड्याची जात वेगळी. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, तो बहुधा हुजऱ्या, शिपाई किंवा गावचा इरसाल असतो, द्व्यर्थी बोलतो, अंगविक्षेप करतो आणि पुष्कळदा आयत्या वेळी सुचलेल्या संवादांवर वेळ मारून नेतो. 'गाढवाचं लग्न'मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार हा त्याचा ठळक नमुना. या विनोदाला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की संस्कृत प्रहसनेही सोवळी नव्हती. पल्लव राजा महेंद्रवर्म्याच्या 'मत्तविलासा'त दारू प्यालेला कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा शैव साधू, कवटीच्या हरवलेल्या भिक्षापात्रावरून बौद्ध भिक्षूशी हुज्जत घालतो.

तेव्हा 'जेस्टर'साठी 'दरबारी विदूषक' असे विशेषणासह लिहावे, म्हणजे सर्कशीतल्या विदूषकाशीही गल्लत होणार नाही. 'सोंगाड्या' हा शब्द तमाशापुरताच ठेवावा, कारण त्याचा यजमान राजा नसून तिकीट काढून बसलेला प्रेक्षक असतो.